ब्लूजसाठी हार्मोनिका निवडताना

दुकानात ‘माउथ ऑर्गन दाखवा’ म्हटलं, की काचेच्या कपाटातून बहुतेक वेळा वीतभर लांबीचं, दोन ओळींत बारीक चौकोनी भोकं असलेलं वाद्य बाहेर येतं. ते ट्रेमोलो. त्यात प्रत्येक सुराला दोन रीड (हवेने थरथरणाऱ्या धातूच्या पात्या) असतात आणि त्या एकमेकींपासून किंचित उतरवून-चढवून लावलेल्या असतात, म्हणून आवाज थरथरत येतो. हिंदी गाण्यांच्या चाली त्यावर गोड लागतात. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं खेचलेल्या सुरांचं संगीत, मात्र त्यावर वाजत नाही. तुम्ही वर्षभर घासलंत तरी नाही, कारण अडचण वाद्याच्या रचनेतच आहे. दुसरं वाद्य क्रोमॅटिक, उजव्या बाजूला बटण असलेलं. शिकागोच्या ब्लूजमध्ये त्याला जागा आहे, तिथला नावाजलेला हार्मोनिकावादक लिटल वॉल्टर यानेही ते वाजवलं. पण पहिलं वाद्य म्हणून ते घेऊ नका.

तुम्हाला हवी आहे ती दहा भोकांची डायाटॉनिक हार्मोनिका. लांबी साधारण १० सेंटिमीटर, दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत पूर्ण झाकली जाईल एवढी. ब्लूजवाले तिला नुसतं ‘हार्प’ म्हणतात. खोक्यावर ‘मेजर’ किंवा ‘रिक्टर’ ट्यूनिंग आणि एका कीचं, म्हणजे ज्या सुराला सा धरून ती लावली आहे त्याचं, अक्षर असतं. दुकानदाराला नुसतं ‘छोटा माउथ ऑर्गन’ सांगितलंत तर चार भोकांचं किचेनसुद्धा मिळू शकतं, तेव्हा ‘टेन होल डायाटॉनिक, सी की’ असं पूर्ण सांगा.

ट्रेमोलो का चालत नाही

डायाटॉनिकच्या प्रत्येक भोकात दोन रीड असतात: फुंकल्यावर वाजणारी (ब्लो) आणि श्वास आत ओढल्यावर वाजणारी (ड्रॉ). दोघी एकाच खोबणीत, वर-खाली. जीभ आणि घसा यांच्या हालचालीने तोंडातली पोकळी बदलली, की त्या भोकातला चढा सूर खाली घसरतो आणि खालच्या सुराची रीड उलट्या बाजूने जागी होते. दोघींच्या ओढाताणीत मधले सूर निघतात. हाच बेंड. ऐकणाऱ्याला ती मींड वाटते आणि ब्लूजचा सगळा रडवा, खेचलेला आवाज त्यातूनच येतो.

ट्रेमोलोमध्ये ब्लो आणि ड्रॉ यांच्या खोबण्या वेगळ्या असतात, म्हणून त्या दोन रीडची गाठच पडत नाही. क्रोमॅटिकमध्ये बहुधा रीडवर प्लास्टिकच्या पातळ झडपा असतात. न वाजणाऱ्या रीडकडची हवा त्या अडवतात, म्हणजे तिथेही दोघी एकत्र येत नाहीत.

यातून एक सोपा हिशेब निघतो. एका भोकातल्या दोन सुरांत जितक्या श्रुतींचं नव्हे, तर जितक्या पट्ट्यांचं (अर्ध्या सुरांचं) अंतर, त्यातून एक वजा करा: तितके बेंड त्या भोकात मिळतात. तिसऱ्या भोकात चार पट्ट्यांचं अंतर आहे, म्हणून तीन बेंड. दुसऱ्यात तीनचं, म्हणून दोन. पहिल्या आणि चौथ्यात दोनचं, म्हणून एकेक, सहाव्यातही एक. पाचव्यात अंतर एकाच पट्टीचं आहे. तिथे सूर थोडा ढळतो, पण पूर्ण खाली जात नाही. पाचवं भोक ‘बेंड होत नाही’ म्हणून वाद्य परत करायला निघालेला नवशिक्या ही नेहमीची गोष्ट आहे.

आपल्या सरगमीत मांडून पाहा

ब्लूजमध्ये सी कीची हार्प सीमध्ये वाजवत नाहीत. जर्मनीत हे वाद्य लोकगीतांसाठी बनलं, आणि त्यात सा-ग-प हा मुख्य कॉर्ड (एकदम वाजणारे सूर) फुंकण्याच्या बाजूला ठेवलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी ओढण्याची बाजू मुख्य केली, कारण बेंड होणारे खालचे सूर तिकडे आहेत. याला ‘सेकंड पोझिशन’ किंवा ‘क्रॉस हार्प’ म्हणतात. सी हार्पचा पंचम, म्हणजे जी, हा सा धरायचा. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर पांढरी एकची हार्प घेऊन पांढरी पाचमध्ये वाजवायचं.

तो सा धरला की दहा भोकं अशी दिसतात, डावीकडून पहिल्यापासून:

ब्लो: म, ध, सा, म, ध, सा, म, ध, सा, म
ड्रॉ: प, सा, ग, प, कोमल नी, रे, ग, प, कोमल नी, रे

बाकी सगळे सूर शुद्ध. म्हणजे बेंड न करताच हा खमाज थाट हातात आहे, आणि पाचव्या ड्रॉला कोमल निषाद आयता मिळतो. त्यावर बेंडने कोमल गंधार (३ ड्रॉ, अर्धा सूर खाली) आणि तीव्र मध्यम (४ ड्रॉ खाली, मंद्रात १ ड्रॉ खाली) मिळाले की ब्लूजची सरगम पुरी होते. २ ड्रॉ पूर्ण सूर खाली नेला की मंद्राचा कोमल निषाद. खालच्या सप्तकातला रिषभ मात्र कुठेच आयता नाही. तो ३ ड्रॉ दोन पट्ट्या खाली नेऊन काढावा लागतो आणि नेमका लावायला कित्येक महिने जातात.

सातपासून पुढे उलटं होतं. तिथे ब्लोचा सूर वरचा असतो, म्हणून ८, ९ आणि १० ला फुंकून बेंड करतात. ब्लूज गायक-वादक जिमी रीड हार्पच्या स्वतःच्या कीत (‘फर्स्ट पोझिशन’), या वरच्या टोकावर वाजवायचा. तसं वाजवायचं असेल तर ए किंवा जीसारखी खालच्या कीची हार्प लागते. सी आणि त्याच्या वरच्या हार्पवर १० ब्लोचा बेंड नवशिक्याच्या हाती लागत नाही.

हा नकाशा लक्षात ठेवण्याचा खरा उपयोग खरेदीच्या वेळी होतो. ‘कंट्री ट्यूनिंग’ लिहिलेल्या हार्पमध्ये पाचवा ड्रॉ अर्धा सूर चढवलेला असतो, म्हणजे आपला कोमल निषाद गेला. ‘पॅडी रिक्टर’मध्ये तिसरा ब्लो एक सूर चढा असतो. आयरिश चालींना ते सोयीचं, पण मग तिसऱ्या भोकातलं अंतर चारवरून दोन पट्ट्यांवर येतं आणि तीन बेंडचा एकच उरतो. ‘नॅचरल मायनर’चं प्रकरण आणखी फसवं आहे. ली ऑस्कर ही कंपनी आपल्या नॅचरल मायनर आणि मेलडी मेकर हार्पवर सेकंड पोझिशनची की छापते. होनर ही जर्मन कंपनी नॅचरल मायनरवर फर्स्ट पोझिशनची छापते. ‘ए मायनर’ हवी म्हणून घेतलेली हार्प भलत्याच पट्टीत निघते ती यामुळे. सुरुवातीला साधी मेजर घ्या. मायनर ब्लूज तिच्यावरच थर्ड पोझिशनमध्ये वाजतो: सी हार्पवर डीला सा धरा, काफी थाट मिळेल.

कोणती की

नियम एकच: गाण्याच्या सापासून शुद्ध मध्यम मोजा, ती हार्पची की.

गिटारवाला ईमध्ये वाजवत असेल तर ए हार्प. एमध्ये असेल तर डी. जीमध्ये सी, सीमध्ये एफ, डीमध्ये जी. सॅक्सोफोन-ट्रंपेटवाले बँडमध्ये असले की एफ आणि बी फ्लॅटमधली गाणी येतात, त्यांना अनुक्रमे बी फ्लॅट आणि ई फ्लॅट हार्प लागतात. गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावला असेल तर बोटांची ठेवण पाहून की ठरवू नका. ईचा आकार दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून वाजला तर सूर एफ शार्प येतो आणि हार्प बीची लागते.

गिटारवर ब्लूज बहुतांशी ई आणि एमध्ये चालतो, कारण तिथे मोकळ्या तारा कामाला येतात. म्हणून मित्र गिटार वाजवत असेल आणि त्याच्यासोबतच शिकायचं असेल तर पहिली हार्प ए कीची घ्या. एकट्याने, व्हिडिओ पाहून शिकणार असाल तर सी. शिकवण्याचं बहुतेक साहित्य सीवर असतं, आणि समोरचा जे वाजवतो तेच तुमच्या तोंडातून येतंय का हे ताडून पाहता येणं सुरुवातीला फार मोलाचं असतं. सी हार्पचा बेंड फार खोल नाही, फार उथळही नाही.

नेहमीच्या कींमध्ये सर्वांत खालची जी आणि सर्वांत वरची एफ शार्प. जी हार्पच्या रीड लांब, आवाज भारदस्त. पण २ आणि ३ ड्रॉला तोंडात पुष्कळ जागा करावी लागते, जीभ मागे आणि खाली न्यावी लागते. एफ हार्पवर तोच बेंड जिभेच्या एवढ्याशा हालचालीने होतो, आणि ती हालचाल इतकी बारीक असते की नवशिक्याला सापडत नाही. डीसुद्धा थोडी तशीच. ‘लो एफ’, ‘लो डी’ अशा सप्तकभर खालच्या हार्प मिळतात, त्या पहिल्या वर्षात नकोत.

खरेदीचा क्रम असा ठेवा: सी, ए, डी, मग जी. एवढ्यात जी, ई, ए आणि डी या चार कींचा ब्लूज होतो. त्यानंतर एफ आणि बी फ्लॅट. एकाच पैशात सात कींचा स्वस्त डबा मिळतो, त्याचा मोह होतो. पण हवा गळणाऱ्या सात हार्पपेक्षा हवाबंद असलेली एक हार्प बेंड लवकर शिकवते. गळकी हार्प बेंडला दाद देत नाही, आणि चूक आपली की वाद्याची हे शिकणाऱ्याला कळत नाही.

आत काय पाहायचं

मधली फणी (कोंब), तिच्या वर-खाली दोन रीडप्लेट, त्यांवर दोन कव्हरं. इतकंच वाद्य. २० रीड.

कोंब लाकडी, प्लास्टिकचा किंवा धातूचा असतो. लाकडाने आवाज ‘उबदार’ होतो हे पुष्कळ ऐकाल. ते फारसं मनावर घेऊ नका. कोंब आणि प्लेट यांच्यामध्ये हवा किती गळते यावर आवाज आणि प्रतिसाद जास्त अवलंबून असतो. लाकडी कोंबाचा खरा प्रश्न ओलाव्याचा आहे. सील न केलेलं लाकूड थुंकीने फुगतं, फणीचे दात भोकांतून बाहेर डोकावतात आणि ओठ-जीभ खरचटते. वाळल्यावर ते आकसतं आणि हवा गळू लागते. जुने वादक लाकडी हार्प पाण्यात बुडवून घ्यायचे, फुगलेल्या लाकडाने फटी बुजून आवाज मोठा यायचा. वाद्य त्याने लवकर मरायचं, पण तेव्हा ते स्वस्त होतं. मुंबईच्या किंवा कोकणच्या पावसाळ्यात पहिली हार्प प्लास्टिक कोंबाची असलेली बरी.

प्लेट आणि कव्हर स्क्रूने बसवली आहेत की खिळ्यांनी, हे पाहाच. होनरची मूळ मरीन बँड १८९६ सालापासून बनते आणि मॉडेलचा आकडाही तोच आहे. शिकागोच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज बराचसा तिचा. पण ती खिळ्यांनी जोडलेली असते. एकदा उघडली की पुन्हा पहिल्यासारखी हवाबंद बसवणं कसबाचं काम आहे. तिच्याच मरीन बँड डीलक्स आणि क्रॉसओव्हर या भावंडांना स्क्रू आणि सील केलेला कोंब आहे. क्रॉसओव्हरचा कोंब बांबूचा. रीडमध्ये अडकलेला एक केस काढायलासुद्धा कव्हर उघडावं लागतं, तेव्हा स्क्रू हवेत.

ट्यूनिंगबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, आणि ब्लूजला ते महत्त्वाचं आहे. तानपुऱ्यातून उमटणारा गंधार आणि हार्मोनियमचा गंधार यांतला फरक कानाला ठाऊक असेल, तर मुद्दा लगेच कळेल. हार्मोनियमचा, म्हणजे इक्वल टेंपरामेंटचा गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे एका पट्टीचा शंभरावा भाग) चढा असतो. हार्पवर तीन-चार भोकं एकदम ओढून कॉर्ड काढला, की हा चढेपणा घासल्यासारखा ऐकू येतो. जुन्या मरीन बँड ‘जस्ट’, म्हणजे नैसर्गिक सुरांच्या, ट्यूनिंगच्या होत्या, कॉर्ड अगदी मऊ. आज बहुतेक कंपन्या मधला मार्ग काढतात. त्याला ‘कॉम्प्रोमाइज’ म्हणतात आणि होनरची स्पेशल २० त्यातलीच. ली ऑस्कर इक्वलच्या जवळ असते: एकेरी सुरांच्या चालींना स्वच्छ, कॉर्डला थोडी कोरडी. ब्लूजमध्ये जिभेच्या फटकाऱ्यांनी कॉर्ड सतत येत असतो, म्हणून मी कॉम्प्रोमाइजच्या बाजूने आहे. मात्र पहिल्या सहा महिन्यांत हा फरक तुमच्या वाजवण्यात दिसणार नाही.

आता नावं. पहिल्या हार्पसाठी होनर स्पेशल २० सर्वांत बिनधोक आहे. प्लास्टिक कोंब, त्यात खोबणीत बसलेल्या प्लेट, ओठांना धातूची धार लागत नाही, स्क्रूने उघडते. ली ऑस्करची मेजर डायाटॉनिक जपानमध्ये टोंबो बनवतं. तिच्या बदली रीडप्लेट सुट्या मिळतात, त्यामुळे एक रीड गेली म्हणून वाद्य फेकावं लागत नाही. सुझुकीच्या मांजीला लाकूड आणि राळ यांच्या मिश्रणाचा कोंब आहे, तो फुगत नाही. ब्लूजमास्टर त्याहून स्वस्त. जर्मनीतल्या क्लिंगेनथालच्या सायडेल कंपनीची स्थापना १८४७ची, आणि १८४७ याच नावाच्या तिच्या हार्पमध्ये स्टेनलेस स्टीलच्या रीड आहेत. त्या पितळेपेक्षा जास्त टिकतात, पण पहिल्या खरेदीला इतके पैसे घालू नयेत. हात अगदीच आखडता असेल तर चिनी ईस्टटॉपची टी००८के. वरच्या सगळ्यांपेक्षा बरीच स्वस्त आणि बेंड नीट होणारी. नग-नगात थोडा फरक पडतो, म्हणून तिची तपासणी जास्त काटेकोर करा.

नावात ‘ब्लूज’ असलं म्हणजे ती ब्लूजसाठी खास, असं काही नाही. होनरचं ‘ब्लूज हार्प’ हे एका मॉडेलचं नाव आहे. खेळण्याच्या दर्जाच्या कितीतरी हार्पवरही हा शब्द छापलेला असतो.

तपासणी

तोंडाला लावायचं वाद्य असल्याने दुकानदार वाजवून पाहू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. काही ठिकाणी छोटा भाता असतो. त्याने सगळ्या २० रीड वाजतात एवढं कळतं. हलक्या श्वासाला त्या कशा बोलतात ते कळत नाही. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकानं आहेत, तिथे समोरासमोर उघडून तरी पाहता येते. ऑनलाइन मागवताना सील तुटलेला नग घेऊ नका आणि परत घेण्याची अट आधी वाचा.

घरी आल्यावर हार्प पाच मिनिटं मुठीत धरून कोमट करा. मग आकडे वर, एक आकडा डावीकडे अशी धरा. चहावर फुंकर घालतो त्याहून हलक्या श्वासाने एकेक भोक फुंका आणि ओढा. प्रत्येक सूर श्वासाबरोबर लगेच सुरू व्हायला हवा. एखादा आधी हवेचा फुसकारा देऊन मग बोलत असेल तर त्या रीडची फट मोठी आहे. हलक्या श्वासाला नीट, पण जोर देताच गप्प होत असेल तर फट लहान आहे. रीडच्या टोकाशी असलेली फट साधारण त्या रीडच्या जाडीएवढी असते, खालच्या सुरांना थोडी जास्त. ती दातकोरणीने हलकेच दाबून कमी-जास्त करता येते, पण बदलून मिळण्याची मुदत संपेपर्यंत हात लावू नका.

आता दुसरं भोक. २ ड्रॉ आणि ३ ब्लो हे एकच सूर आहेत, दोन्ही सा. आधी ३ फुंका, मग २ ओढा. बहुतेक नवशिक्यांचा २ ड्रॉ उतरलेला, बसक्या आवाजाचा येतो किंवा वाजतच नाही, आणि ते रीड खराब आहे असं धरून चालतात. असं पाहा: ओठ सैल ठेवून १, २, ३ ही तिन्ही भोकं एकदम, अगदी हळू ओढा. कॉर्ड भरलेला आला, तर रीड ठीक आहे. तोच श्वास चालू ठेवून ओठ आवळत फक्त दुसऱ्यावर या. सूर मध्येच खचला तर तुम्ही जबडा आवळताय किंवा जीभ वर उचलताय, म्हणजे नकळत बेंड करताय. जांभई देताना घसा उघडतो तसा उघडा ठेवा, सूर परत वर येईल. इतकं करूनही तो ३ ब्लोला भिडत नसेल, तेव्हाच वाद्यावर शंका घ्या.

मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासत असाल तर दोन गोष्टी ठाऊक हव्यात. हार्प सहसा ए सुराची कंपनसंख्या ४४० हर्ट्झ धरून नाही, ४४२च्या आसपास धरून लावलेल्या असतात, कारण वाजवताना श्वासाने सूर थोडा उतरतो. म्हणून सगळे सूर ७-८ सेंट चढे दिसले तर दोष नव्हे. आणि कॉम्प्रोमाइज हार्पचे ३ आणि ७ ड्रॉ बाकीच्यांहून थोडे उतरलेले दिसणारच, तो आपला गंधार आहे. एखादा सूर एकटाच १५-२० सेंट बाजूला असेल तर बदलून मागा.

शेवटी ४ ड्रॉ. आठवड्याभराच्या सरावाने ‘ई’वरून ‘ऊ’कडे जीभ मागे नेली की हा सूर एक पट्टी खाली यायला लागतो, पहिला बेंड बहुतेकांना इथेच किंवा सहाव्यावर सापडतो. तिसरं भोक त्यानंतर. तिथे कोमल गंधारावर थांबता येत नसेल, सूर थेट तळाला जात असेल, तर ते सर्वांचंच होतं. वाद्य बदलून फरक पडणार नाही.

खणखणाट ऐकू आला तर कव्हर उघडून पाहा. लोकरीचा धागा, केस, शेंगदाण्याचं साल, काहीही निघतं. रीड उजेडासमोर धरून तिच्या दोन्ही कडांना प्रकाशाची सारखी रेघ दिसते का पाहा. एका बाजूला रेघ बंद असेल तर रीड सरकून घासते आहे. हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं.

टिकवायची कशी

खाऊन आल्यावर चूळ भरल्याशिवाय वाजवू नका. वाजवून झालं की भोकं खाली करून तळव्यावर पाच-सहा वेळा आपटा, आणि लगेच डबीत बंद करू नका. ओली हार्प पावसाळ्यात बंद डबीत राहिली की पितळेवर हिरवट थर चढतो. सुक्या फडक्यावर उघडी ठेवून तासाभराने आत ठेवा. रीडला तेल कधीही लावायचं नाही. प्लास्टिक कोंबाची हार्प महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाण्याखाली धरता येते, लाकडी नाही. ब्रश करायचाच असेल तर मऊ, आणि हात फक्त रीडच्या लांबीने, रिव्हेटकडून मोकळ्या टोकाकडे. आडवा फिरला की रीड वाकते.

रीड मरतात त्या धातूच्या थकव्याने. मुळाशी बारीक तडा जातो, सूर हळूहळू उतरतो, मग एके दिवशी गप्प. बहुधा ४ किंवा ५ ड्रॉ आधी जातात, कारण ब्लूजमध्ये सर्वांत जास्त मार त्यांनाच बसतो. आवाज मोठा हवा म्हणून जोरात ओढणाऱ्याची हार्प काही महिन्यांत बसते. हलक्या श्वासाने वाजवणाऱ्याची वर्षानुवर्षं चालते. मोठा आवाज ओंजळ नीट बंद करून आणि माइकने मिळवायचा. शिकागोवाल्यांनी तो तसाच मिळवला.

उतरलेली रीड घासून पुन्हा सुरात आणता येते, पण तडा गेलेला असेल तर आठवड्यात ती परत उतरते. तेव्हा बदली रीडप्लेटचा भाव आणि नव्या हार्पचा भाव शेजारी ठेवून बघा. फरक थोडा असेल तर नवी घ्या आणि जुनी स्क्रू-ड्रायव्हर हाताशी घेऊन उघडायला, फटी कमी-जास्त करायला शिकण्यासाठी ठेवा.